इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर गावच्या डीपीचं काय होणार?

बुलडाणा जिल्ह्यात डीपी जळणं म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. रब्बीत सगळे पंप एकाच वेळी सुरू झाले की डीपीवर ताण येतो. इलेक्ट्रिक गाड्यांचा प्रश्नही असाच आहे. एकूण किती वीज लागते, यापेक्षा ती एकाच वेळी किती लागते हे महत्त्वाचं.

किती वीज लागते?

ई-स्कूटरची बॅटरी साधारण ३ युनिटची असते आणि तिचा चार्जर सुमारे ७५० वॅट घेतो. कार १५ अँपियरच्या सॉकेटवर लावली तर सुमारे ३.३ किलोवॅट, म्हणजे जवळपास ५ एचपीच्या पंपाएवढा भार पडतो.

समजा, गावात ४० स्कूटर आहेत. सगळ्या पूर्ण चार्ज करायला साधारण १२० युनिट लागतील. ५ एचपीचे चार पंप आठ तास चालले तरी तेवढीच वीज जाते. म्हणजे वीज फार लागत नाही.

मग अडचण कुठे?

वेळेची. कामावरून आल्यावर संध्याकाळी सातला सगळ्यांनी स्कूटर लावल्या तर ३० किलोवॅटचा भार एकदम वाढतो. १०० केव्हीएची डीपी साधारण ९० किलोवॅट पेलते. त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही आणि उन्हाळ्यात कूलर सुरू असतात. शेतीचं फीडर वेगळं असलं तरी हा भार गावठाणाच्या डीपीवरच येतो.

हायवेवरचं चार्जिंग

मेहकर, सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग जातो. मलकापूर, नांदुरा, खामगावमधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. अशा रस्त्यांवरचा ६० किलोवॅटचा एक फास्ट चार्जर ५ एचपीच्या साधारण १५ पंपांएवढा भार टाकतो. त्यामुळे तो गावच्या डीपीवर जोडून चालत नाही, त्याला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो.

तुम्ही काय करू शकता?

• गाडी रात्री ११ नंतर किंवा दिवसा चार्ज करा. दिवसा सौरऊर्जा जास्त असते. महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ मधल्या वापरावर सवलतही मिळते.
• कारसाठी १५ अँपियरचं सॉकेट, योग्य जाडीची वायर आणि पक्कं अर्थिंग हवंच. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका.
• कार घेतल्यावर घरचा मंजूर भार तपासा. कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. भार नोंदलेला असेल तरच डीपीची क्षमता वाढवण्याचा हिशेब बसतो.