ठिपक्यांतील देवनागरी

लातूर आणि नांदेड हीं दोन नांवें मराठवाड्यांतील माणूस लहानपणापासून लिहीत आलेला असतो. पण एकाला शिरोरेषेच्या खालीं जागा लागते व दुसऱ्याला वर, हें त्याच्या ध्यानांत क्वचितच येतें. ‘लातूर’मध्यें दीर्घ ऊकार आहे, ‘नांदेड’वर अनुस्वार व मात्रा. लेखणीला ही जागा विनासायास मिळते. जेथें अक्षर मोजक्या ठिपक्यांतच घडवावयाचें, तेथें मात्र ओळीओळीचा हिशेब द्यावा लागतो. संगणकाचा पडदा व स्थानकांवरील विजेचे फलक हीं अशींच ठिकाणें होत.

रोमन मोठ्या अक्षरांस पांच स्तंभ व सात ओळी एवढी चौकट पुरते, आणि तीच प्रथम रूढ झाली. तींत देवनागरी घालूं गेल्यास एक ओळ शिरोरेषेला व सहा अक्षराच्या अंगाला जातात. मात्रेला व उकाराला कांहींच उरत नाहीं. तीं गाळलीं तर ‘नांदेड’चें ‘नादड’ होतें आणि ‘लातूर’चें ‘लातर’. त्यांच्यासाठीं अंग आंखडलें, तर ‘भ’ व ‘म’ यांतील भेद एका ठिपक्यावर येतो. तेवढा चुकला कीं ‘भात’ वाचणाराला ‘मात’ दिसते. सोळा ओळी दिल्या, म्हणजे चार वर, नऊ मध्यें व तीन खालीं अशी सुखाची वांटणी होते. सोळा गुणिले सोळा म्हणजे २५६ ठिपके. ते सांठविण्यास ३२ बाइट लागतात. एवढाच काय तो खर्च!

ही अडचण नवी नव्हे. बंगालमधील श्रीरामपूर येथें केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें, तेव्हांपासून ती आपल्या पाठीशीं आहे. मुंबईच्या ‘डिग्री’ पद्धतींत मात्रा, अक्षर व उकार यांचे तुकडे तीन थरांत जुळवावे लागत. ‘अखंड’ पद्धतींत ते एकत्र ओतीत, पण त्यामुळें खिळ्यांची संख्या फुगे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरानें १८६९ पासून सुबक छपाईचा आदर्श घालून दिला, तरी संख्येचा प्रश्न राहिलाच. लोकमान्य टिळकांनीं ती सुमारें दोनशेंवर आणण्याचा आराखडा केला. सावरकरांनीं ‘अ’ची बाराखडी सुचविली. यंत्रासाठीं लिपीनें किती वांकावें, हाच सर्वांपुढील प्रश्न होता.

त्याचें उत्तर पुढें यंत्रानेंच दिलें. कानपूरच्या आय. आय. टी.त आरंभिलेलें व १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनें वाढविलेलें ‘जिस्ट’चें काम यांत महत्त्वाचें होय. वर्णाची नोंद निराळी आणि त्याची आकृति निराळी, हें त्याचें तत्त्व १९९१ च्या भारतीय मानकांतहि आलें. कळफलकानें वर्ण सांगावेत व जोडाक्षर यंत्रानें घडवावें, अशी सोय झाल्यावर बाराखडी बदलण्याचें कारण उरलें नाहीं. र. कृ. जोशी यांचें ‘मंगल’ हें वळण तर विंडोजबरोबर घरोघर पोहोंचलें.

असें असतां कांहीं स्वस्त फलकांवर मात्रा तुटलेलीं नांवें मीं आजहि पाहतों, तेव्हां माझ्या आजोबांची पिढी आठवते. निजामी राजवटींत कचेरीची भाषा उर्दू होती. मराठीचें स्थान घरांत. त्या उर्दूचें नस्तालीक वळणहि खिळ्यांना सहजीं वश होईना. तेव्हां उर्दू वृत्तपत्रांनीं अक्षर मोडलें नाहीं; दीर्घकाळ शिळाछाप पत्करला. ती राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपली आणि पुढें आमच्या गांवांचीं नांवें फलकांवर मराठींत आलीं. तीं अपुरीं लिहावयाचीं, तर मिळविलें काय? फलक विकत घेणाऱ्यांनीं दिव्यांच्या आणखी नऊ ओळी मागाव्यात. नवी लिपि मागण्याचें प्रयोजन नाहीं.