अंगणातली गुलबक्षी

तुळशीचे लग्न तोंडावर आले की भिवंडीजवळच्या टेमघरमध्ये अंगणांची झाडलोट सुरू होते. पावसात माजलेले गवत उपटायचे, जमीन चोपून सारखी करायची, वृंदावनाला रंग द्यायचा. यंत्रमागांच्या आणि इमारतींच्या गर्दीत अंगणे आक्रसली आहेत. बऱ्याच घरांत ती गॅलरीतल्या कुंड्यांपुरती उरली आहेत. तरीही मोरीच्या पाण्यावर, कुंपणाच्या कडेला कोणी न लावता उगवणारे एक झाड या साफसफाईत हमखास सापडते. ते म्हणजे गुलबक्षी. पावसाळाभर फुललेले हे झाड थंडीत मलूल होते, त्याखाली मिऱ्यासारख्या काळ्या बियांचा सडा पडतो आणि केरसुणीबरोबर सारे उकिरड्यावर जाते.

आम्हीही लहानपणी ते असेच फेकले आहे. पुढे महाविद्यालयात आनुवंशशास्त्र शिकताना ‘मिराबिलिस जलापा’ या वनस्पतीतील अपूर्ण प्रभाविता आम्ही परीक्षेत आकृतीसह लिहिली, गुणही मिळवले. ही मिराबिलिस म्हणजे दारातली गुलबक्षी, हे मात्र कित्येक वर्षे आमच्या ध्यानात आले नाही. कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आजही बारावीचे विद्यार्थी हे नाव पाठ करतात. म्हणून या झाडाचा इतिहास सांगावासा वाटतो.

गुलबक्षी मूळची आपली नाही. तिचे माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. स्पॅनिश लोकांनी तो मुलूख जिंकल्यावर सोळाव्या शतकात ती युरोपच्या बागांत पोचली. इंग्रज वनस्पतिज्ञ जॉन जेरार्ड याच्या १५९७ सालच्या ग्रंथात ती ‘पेरूचे आश्चर्य’ म्हणून येते. लिनियसने १७५३ मध्ये तिला दिलेल्या नावातील ‘मिराबिलिस’ म्हणजे आश्चर्यकारक. ‘जलापा’ मात्र गैरसमजातून आले. मेक्सिकोतील हलापा गावाच्या नावाने विकली जाणारी रेचक मुळी याच झाडाची, असे तेव्हा समजत. ती प्रत्यक्षात दुसऱ्याच एका वेलीची निघाली.

भारतात ती लवकर रुजली. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला. त्यात ती ‘अंदि-मल्लेरि’ या मल्याळी नावाने आहे. अर्थ, संध्याकाळचे फूल. परक्या झाडाला देशी नाव पडले, म्हणजे ते लोकांच्या घरचे झाले. मराठीत तर एका रंगालाच गुलबक्षी म्हणतात.

आता या फुलाकडे जरा निरखून पाहू. चार-पाचच्या सुमारास ते उमलते आणि सकाळी मिटते. त्याला पाकळ्या नसतात. आपण जिला पाकळी म्हणतो ती रंगीत निदलपुंजाची नळी आहे. पण आपल्या कथेच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एका फुलात एकच बीजांड असते, म्हणून एका फुलापासून एकच बी मिळते. आणि तिचे परागकण इतके मोठे असतात की साध्या हातभिंगातून ते सुटे सुटे दिसतात.

याच दोन गोष्टींमुळे अठराव्या शतकात जर्मनीच्या योझेफ क्योलरॉयटरने एक प्रश्न हाती घेतला. एक बी धरायला किती परागकण लागतात? पुढच्या शतकात फ्रान्सच्या शार्ल नोदँनेही गुलबक्षीवरच प्रयोग केले आणि एक कण पुरेसा नसतो असे त्याला वाटले. डार्विननेही हे मत स्वीकारले. प्रश्न किरकोळ दिसतो, पण नाही. संततीत पित्याचा वाटा अनेक कणांतून गोळा होत असेल, तर आनुवंशिकतेचा कोणताही हिशेब मांडणे कठीण. एका कणाने भागत असेल, तर मात्र आई-बापाचा वाटा एकेक पेशीचा ठरतो.

ब्रनोच्या मठात वाटाण्यावर प्रयोग केलेल्या ग्रेगोर मेंडेलला हे मत पटणारे नव्हते. त्याचे गणितच एक परागकण आणि एक बीजांड यांच्या मीलनावर उभे होते. त्याने स्वतः गुलबक्षी लावली, कुक्षीवर एकेकच परागकण ठेवला आणि त्यातून १८ चांगल्या बिया मिळवल्या. साऱ्या बियांची रोपेही झाली. म्यूनिकचे प्राध्यापक नेगेली यांना १८७० सालच्या पत्रात त्याने हे कळवले. गुलबक्षीचे संकर वाटाण्याप्रमाणेच वागतात, असेही त्यात आहे. नेगेलींनी मेंडेलच्या कामाला महत्त्व दिले नाही. १८८४ मध्ये मेंडेल वारला.

ही पत्रे १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती छापवणारा होता कार्ल कोरेन्स, नेगेलींचाच विद्यार्थी. १९०० मध्ये ज्या तिघांनी मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणले, त्यांतला हा एक. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी पिढी आणि त्यापुढच्या पिढीत १ : २ : १ हे प्रमाण, हा पाठ्यपुस्तकातला प्रयोग त्याचाच.

कोरेन्स तिथे थांबला नाही. त्याच्याकडे हिरव्या-पांढऱ्या कबऱ्या पानांची गुलबक्षी होती. एकाच झाडावर काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही पूर्ण पांढऱ्या, काही कबऱ्या. १९०९ मध्ये त्याने दाखवले की हिरव्या फांदीवरच्या फुलाची बी हिरवे रोप देते आणि पांढऱ्या फांदीवरची पांढरे. हे पांढरे रोप बियांतला साठा संपला की मरते. कबऱ्या फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकारची रोपे येतात. पराग कोणत्या फांदीचा घातला, याने काहीच फरक पडत नाही. म्हणजे हा गुण केवळ आईकडून येतो. ज्याने मेंडेलला उजेडात आणले, त्यानेच मेंडेलच्या चौकटीत न बसणारी गोष्ट दाखवली, तीही मेंडेलने हाताळलेल्याच झाडावर. कारण पुढे कळले. हरितलवके बीजांडातून येतात, परागकणातून सहसा येत नाहीत, आणि त्यांच्याजवळ स्वतःचा डीएनए असतो. हा डीएनए १९६२ मध्ये रिस आणि प्लॉट यांनी एका शेवाळाच्या हरितलवकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

या साऱ्यासाठी प्रयोगशाळा नव्हे, एक वाफा पुरला. तो आपल्याकडेही आहे. यंदा अंगण साफ करताना गुलबक्षीच्या काळ्या बिया रंगांनुसार वेगळ्या कागदी पुड्यांत ठेवाव्यात आणि पुडीवर रंग व तारीख लिहावी. वाळलेला वरचा भाग कापून जमिनीतला गड्डा तसाच राहू द्यावा. पावसाच्या पहिल्या सरींनी तो पुन्हा फुटतो. बिया आणि गड्डा विषारी आहेत, हे मुलांना आधी बजावावे.

जूनमध्ये बिया पेराव्यात. फुले येऊ लागली की दुपारी दोनच्या सुमारास टपोरी कळी अलगद उघडून पुंकेसर काढावेत, संध्याकाळी दुसऱ्या रंगाचा पराग कुक्षीवर लावावा आणि कागदी पिशवी बांधावी. मात्र १ : २ : १ ची खात्री मुलांना देऊ नये. अंगणातले वाण शुद्ध असतातच असे नाही, आणि फुलांचे रंग एकाहून अधिक जनुकांवर ठरतात. पिवळ्या-गुलबक्षी जोडीतून शिंतोडे उडाल्यासारखी फुलेही येऊ शकतील. जे येईल ते मोजावे आणि वहीत उतरवावे.

गणित चुकले तर मुले विचारतील, असे का? कोरेन्सचाही प्रश्न हाच होता.