मिनिटाला पन्नास मिलिग्रॅम

आकडी थांबत नाही अशा प्रौढ रुग्णाला शिरेतून फेनिटॉइन द्यायचे, तर एक मर्यादा जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत छापलेली असते: मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. किलोमागे २० मिलिग्रॅम धरले तर ६० किलो वजनाच्या माणसाला १२०० मिलिग्रॅम लागतात, आणि ते पोचवायला किमान २४ मिनिटे. विद्यार्थी हा आकडा पाठ करतात, परिचारिका तो पंपावर लावतात. पण तो एखाद्या समीकरणातून निघालेला नाही. त्यामागे औषध विरघळवण्याची अडचण आहे, हृदयरुग्णांचे मृत्यू आहेत आणि चुकांतून शिकलेल्या माणसांची काही दशके आहेत. या इतिहासातून एकच गोष्ट ठळकपणे पुढे येते: शिरेतून दिलेल्या औषधाचा वेग हा त्याच्या मात्रेचाच भाग असतो. किती दिले, एवढे विचारून भागत नाही. किती वेळात दिले, हेही त्याच प्रश्नात येते.

हे रसायन हाइनरिश बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली प्रथम बनवले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे त्याचे मोल कुणाला कळले नाही. अपस्मारावर तेव्हा १८५७पासून वापरात असलेली ब्रोमाइडे होती आणि १९१२ साली अल्फ्रेड हाउप्टमान यांनी उपयोगात आणलेले फेनोबार्बिटल होते. दोन्हींनी रुग्ण गुंगीत राहत. बोस्टनच्या ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेचा धक्का देऊन आकडी आणण्याची पद्धत बसवली, एकेक रसायन तिच्यावर पारखले आणि १९३८ साली फेनिटॉइनचे रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोप न आणताही आकडी रोखता येते, हे या औषधाने दाखवले. मात्र ते तोंडाने घ्यायचे औषध होते. एका झटक्यातून शुद्धीवर येण्याआधीच दुसरा झटका येणाऱ्या माणसाला गोळी गिळता येत नाही, आणि गिळली तरी ती रक्तात उतरायला तास लागतात. म्हणून १९५६ साली मर्फी आणि श्वाब यांनी इंजेक्शनने दिलेल्या फेनिटॉइनचे अनुभव मांडले. खरी अडचण इथून सुरू झाली.

फेनिटॉइन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. ते द्रवात टिकवायचे तर द्रव अतिशय अल्कधर्मी ठेवावा लागतो. म्हणून बाटलीतल्या औषधाचा पीएच १२च्या घरात असतो, म्हणजे जवळपास चुन्याच्या निवळीइतका. त्यात ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल मिसळलेले असते. रक्ताचा पीएच ७.४. असा द्रव बारीक शिरेत गेला की शीर होरपळते, आणि बाहेर झिरपला तर हात सुजून जांभळा पडतो. डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळला तर औषधाचे स्फटिक तळाशी बसतात, म्हणून साध्या सलाईनखेरीज दुसरे काही चालत नाही. औषध, ते वाहून नेणारा द्रव आणि ते ज्या शिरेत जाते ती शीर, या तिघांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

हृदयाची गोष्ट याहून गंभीर आहे. १९५० साली हॅरिस आणि कोकरनॉट यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले होते, की हे औषध हृदयाचे बिघडलेले ठोके सुधारते. त्यावरून १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे अनेक ठिकाणी ते हृदयरुग्णांना शिरेतून दिले जाऊ लागले. १९६७ साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांतून अशा रुग्णांच्या मृत्यूंची नोंद येऊ लागली: ठोके सुधारण्यासाठी दिलेल्या इंजेक्शननंतर हृदय फडफडले आणि थांबले. त्याच वर्षी लुई, कुट आणि मॅकडॉवेल यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून औषध आणि द्रावक यांचे परिणाम वेगळे काढून पाहिले. रक्तदाब खाली ओढण्यात आणि ठोके बिघडवण्यात द्रावकाचा वाटा मोठा आहे, असे त्यांना आढळले. पुढच्या दशकभरात रक्तदाब आणि हृदयालेख यांवर नजर ठेवून केलेल्या निरीक्षणांतून मिनिटाला ५०ची मर्यादा रूढ झाली. वृद्धांना आणि हृदयरुग्णांना त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही हळू, आणि मुलांना किलोमागे मिनिटाला १ ते ३ मिलिग्रॅम, असे पोटनियमही तिला जोडले गेले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दोष द्रावकाचा असेल, तर द्रावक बदला म्हणजे वेगाचा प्रश्न मिटेल. हे प्रत्यक्षात करून पाहिले गेले. १९९६ साली अमेरिकेत फॉसफेनिटॉइनला मान्यता मिळाली. ते पाण्यात सहज विरघळते, त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल नाही आणि शरीरात गेल्यावर त्याचे फेनिटॉइन होते. शिरेला होणारी इजा बरीच कमी झाली. तरीही प्रौढांसाठी मिनिटाला १५० ही मर्यादा त्याला घालावीच लागली, कारण रक्तदाब कोसळणे आणि ठोके बिघडणे पूर्ण थांबले नाही. म्हणजे दोष एकट्या द्रावकाचा नव्हता. मेंदूतल्या पेशींचे सोडियमचे मार्ग आवळणारे औषध हृदयाच्या पेशींनाही ओळखते. शिवाय नव्या औषधाने नवी चूक आणली. त्याची मात्रा फेनिटॉइनच्या तुल्य मापात लिहिली जाई. लेबलवर एका मिलिलिटरमागचे ५० मिलिग्रॅम ठळक छापलेले पाहून १० मिलिलिटरच्या अख्ख्या बाटलीतच ५० आहेत असे समजले गेले आणि दहापट औषध देण्याचे जीवघेणे प्रकार घडले. लेबल बदलावे लागले.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. आकडी चालू असताना प्रत्येक मिनिटाला मेंदूचे नुकसान होत असते, मग वीस मिनिटे वाट का पाहायची? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात पहिले औषध म्हणून लोराझेपामने सुमारे ६५ टक्के रुग्णांची उघड आकडी थांबवली, एकट्या फेनिटॉइनने सुमारे ४४ टक्क्यांची. हळू द्यावे लागणारे औषध पहिल्या फळीत का टिकत नाही, हे यातून दिसते. पण उत्तर फेनिटॉइन जोराने ढकलणे हे नाही. पहिली धाव लोराझेपामसारख्या वेगवान औषधाने घ्यायची आणि मागून येणाऱ्या औषधाला त्याचा वेळ द्यायचा, असा क्रम म्हणूनच बसला आहे. घाईने दिलेले फेनिटॉइन आकडी थांबवण्याआधी हृदय थांबवू शकते.

आता लेव्हेटिरासिटाम आणि व्हाल्प्रोएट हाताशी असताना हा इतिहास कशाला, असेही कुणी विचारेल. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हाल्प्रोएट ही तिन्ही औषधे दहा मिनिटांत दिली गेली आणि तिघांचेही यश निम्म्याच्या थोडे खाली, जवळपास सारखे निघाले. यातून फेनिटॉइनची एकाधिकारशाही संपली हे खरे. पण साधे, स्वस्त फेनिटॉइन आजही भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. २०१६ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला त्याच्या इंजेक्शनातील चुकांबद्दल इशारा काढावा लागला. मात्रेचा हिशेब, देण्याचा वेग आणि देतानाची देखरेख, या सगळ्या टप्प्यांवर चुका होत होत्या. म्हणजे पाऊण शतकाच्या ज्ञानानंतरही घोटाळा जुन्याच जागी होता.

म्हणून माझे सांगणे एवढेच. औषधाच्या चिठ्ठीवर फेनिटॉइनचे मिलिग्रॅम लिहिणाऱ्या हाताने त्याच ओळीत मिनिटेही लिहावीत, सलाईनचे नाव लिहावे आणि हृदयालेख लावण्याची सूचना द्यावी. हे ज्ञान माणसांच्या जिवाची किंमत देऊन मिळाले आहे. ते प्रत्येक पाळीत, प्रत्येक खाटेपाशी पुन्हा वापरले गेले, तरच ती किंमत वाया गेली नाही असे म्हणता येईल.