बागकामाच्या गंजलेल्या अवजारांची दुरुस्ती
बागकामाच्या गंजलेल्या अवजारांची दुरुस्ती : खुरपे, कोयता, कुदळ, फावडे व छाटणीची कात्री यांवरील गंज काढून ती पुन्हा वापरण्याजोगी करण्याची क्रिया. पाणी व ऑक्सिजन यांच्या संयोगाने लोखंडावर सच्छिद्र, तांबूस थर चढतो; मीठ ही क्रिया वेगवान करते. म्हणूनच वर्षाला २,००० मिमीहून अधिक पावसाच्या व खाऱ्या हवेच्या मुंबईत, गिरगावच्या गॅलरीतील कुंड्यांपासून भायखळ्याच्या राणीबागेपर्यंत, अवजारांची निगा पावसाळ्यानंतर विशेष महत्त्वाची ठरते.

प्रथम माती धुऊन अवजार कोरडे करतात. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने निघतो. खोलवरच्या गंजासाठी पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवतात. सकाळी गंज काळसर गाळासारखा सुटतो. उरलेले आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारून पाते लगेच पुसावे लागते, अन्यथा काही तासांत पुन्हा तांबूस झाक दिसते. कात्रीचे स्क्रू-स्प्रिंग सुटे करून साफ करतात.

धार मूळच्या उतारानेच कानशीने लावतात. ग्राइंडरवर पाते निळे पडेपर्यंत तापल्यास त्याचे पाणी (कठीणपणा) उतरते व धार टिकत नाही. शेवटी धातूला मशीन ऑइल व लाकडी दांड्याला जवसाचे तेल लावतात.

लालबाग-परळच्या एकेकाळच्या कामगार वस्तीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारे घासूनपुसून पुजण्याची प्रथा आहे. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने हा काळ या कामासाठी योग्यही असतो.