कोल्हापूरची बोर्डिंगे

खेड्यातल्या गरीब मुलाला शाळेच्या फीपेक्षा शहरातले राहणे-जेवण जड जाई. यावर उपाय म्हणून कोल्हापूरचे राजे शाहू महाराज यांनी 1896 साली कोल्हापुरात सर्व जातींसाठी वसतिगृह काढले. पण त्यात प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी जातवार बोर्डिंगे निघाली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या राजाने जातवार घरे बांधावीत, हा विरोधाभास खराच. तरी प्रत्येक समाजातील धनिकांना आपल्या मुलांसाठी देणगी देण्यास त्यामुळे निमित्त मिळाले. अस्पृश्य मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जैन बोर्डिंगात राहिलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकाच पंगतीला बसवणारे वसतिगृह काढले.