देवनागरीतील समरूप चिन्हे

समरूप चिन्हे म्हणजे डोळ्यांना सारखी दिसणारी, परंतु युनिकोड या लिपिप्रमाणकात निरनिराळे संकेतांक असणारी चिन्हे किंवा चिन्हक्रम होत. वाचक शब्द आकारावरून ओळखतो, तर संगणक संकेतांकांवरून. त्यामुळे वाचणाऱ्यास एकच वाटणारा शब्द संगणकाच्या लेखी दोन शब्द ठरू शकतो.

प्रकार

काही अक्षरांत केवळ साम्य असते. धाराशिव जिल्ह्याच्या नावातील ‘ध’ हा ‘घ’, तर त्याच जिल्ह्यातील भूम तालुक्याच्या नावातील ‘भ’ हा ‘म’ असा बारीक टंकात वाचला जाऊ शकतो. ‘ख’ आणि ‘रव’ यांतील गोंधळ टाळण्यासाठी ‘ख’चे दोन्ही भाग तळाशी जोडण्याचे वळण रूढ झाले.

दुसऱ्या प्रकारात फरक जवळजवळ दिसतच नाही. ‘आ’ला स्वतंत्र संकेतांक आहे (यू+०९०६), तरीही ‘अ’ला (यू+०९०५) काना जोडून तसाच आकार उमटवता येतो. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक (यू+०९७२) २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’ आणि चंद्र असा जोड आढळतो. ‘दुःख’ शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकित होणे ही नेहमीची चूक आहे. अशा नोंदी साध्या शोधात सापडत नाहीत.

संगणकीय भाषांमध्ये

पायथन ३ मध्ये चलांना देवनागरी नावे देता येतात. ‘आकडा’ हे नाव एकदा ‘आ’ने व एकदा ‘अ’ आणि काना यांनी लिहिल्यास दोन स्वतंत्र चल निर्माण होतात. युनिकोडचे प्रमाणीकरण हे दोन क्रम एक मानत नाही. काही प्रणाली दुसऱ्या क्रमात टिंबांचे वर्तुळ दाखवतात, इतरत्र चूक नजरेस येत नाही.

दिसणे आणि असणे यांतील हेच अंतर गूढ प्रोग्रॅमिंग भाषा मुद्दाम वापरतात. एडविन ब्रॅडी व ख्रिस मॉरिस यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘व्हाइटस्पेस’ भाषेत केवळ रिकामी जागा, टॅब व नवी ओळ यांनाच अर्थ असतो. समरूप चिन्हांवर उभी केलेली भाषा ही त्याच विनोदाची पुढची पायरी होय.

सुरक्षितता

हा विनोद घातकही ठरू शकतो. केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनी २०२१ साली दाखवून दिले की, समरूप नावाचे कार्य आज्ञावलीत घुसवल्यास तपासनिसाची फसगत होते. ‘रस्ट’ भाषेचा संकलक अशा नावांबाबत इशारा देतो.