लष्करी प्रशिक्षणाचे पाठ आणि त्यांची दुरुस्ती : तात्या टोपे यांच्या येवल्यापासून संगणकप्रणालीपर्यंत

प्रस्तावना

लष्करी इतिहासाच्या मराठी अभ्यासात लढाया, सेनापती आणि तह यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे शिपाई घडविणाऱ्या पाठ्यसाहित्याला मिळालेले नाही. बंदूक कशी भरावी, रांग कशी मोडावी, तोफ किती अंशांत उचलावी हे सांगणारा मजकूर कोणी लिहिला, शस्त्र बदलल्यावर त्यात दुरुस्ती कोणी केली आणि ती दुरुस्ती शिपायापर्यंत कशी पोहोचली, हे प्रश्न बहुधा तळटीपेत राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र काही देशांच्या लष्करांनी नेमक्या याच कामासाठी, म्हणजे प्रशिक्षणाचे पाठ तयार करणे आणि ते अद्ययावत ठेवणे यासाठी, स्वतंत्र सॉफ्टवेअर तयार करून घेतले. हे सॉफ्टवेअर ज्या अडचणीवर उपाय म्हणून आले ती अडचण संगणकाहून फार जुनी आहे, आणि तिचा केवळ तांत्रिक अंशच त्याने सोडविला आहे, अशी प्रस्तुत निबंधाची मांडणी आहे.

या मांडणीसाठी येवला हे गाव निवडण्यास कारण आहे. रामचंद्र पांडुरंग येवलेकर ऊर्फ तात्या टोपे यांचे घराणे येवल्याचे. १८५७ च्या उठावात कंपनी सरकारच्या कवायतीत तयार झालेली पलटण त्यांच्या हाती आली. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. आणि बाबासाहेबांचे वडील लष्करी शाळेत शिक्षक होते. लष्करातील शिकविण्याचा मजकूर कोणाच्या ताब्यात असतो आणि तो कोणाला उपलब्ध होतो, या दोन्ही प्रश्नांचे धागे अशा रीतीने एकाच गावापर्यंत येऊन पोहोचतात.

कवायतीची उसनी भाषा

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ (सुमारे १७१६) दुर्ग आणि आरमार यांविषयी तपशिलाने बोलते. तथापि तो राजनीतीचा ग्रंथ आहे. शिपायाला हालचाल शिकविणारा पाठ नव्हे. पायदळाची युरोपीय पद्धतीची कवायत मराठ्यांच्या फौजेत आली ती माणसांच्या रूपाने. फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६० च्या सुमारास सदाशिवरावभाऊंकडे आला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर लढला. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन या सेनानीकरवी कवायती कंपू उभे केले. पलटण, कंपू, गारदी हे शब्द मराठीत रूढ झाले, त्यावरून ही विद्या कोणत्या दाराने घरात आली हे कळते.

माणसांबरोबर आलेली विद्या माणसांबरोबर जाऊही शकते. १८०३ च्या युद्धात द बॉयनचा उत्तराधिकारी पेराँ शिंद्यांना सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला. इतरही अनेक युरोपीय अधिकाऱ्यांनी तीच वाट धरली. शिंद्यांचे कवायती पायदळ व गोलंदाज त्यानंतरही असई आणि लासवाडी येथे ज्या निकराने लढले, त्याची साक्ष शत्रूनेच दिलेली आहे. म्हणजे शिकवण शिपायांच्या अंगी मुरली होती. उणीव होती ती शिकवण पुढे चालविणाऱ्या, तिच्यात कालानुरूप बदल करणाऱ्या यंत्रणेची. इंग्रजांकडे ती होती. डेव्हिड डंडास याचा कवायतीवरील ग्रंथ १७८८ मध्ये निघाला, १७९२ मध्ये त्याच्या आधारे नियमावली झाली आणि १८२४ मध्ये टॉरेन्स याच्या सुधारित नियमावलीने तिची जागा घेतली. लेखक बदलला तरी मजकूर सरकारचा राहिला.

१८५७ : एका दुरुस्तीची कथा

एन्फील्ड रायफल आणि चरबी लावलेले काडतूस ही १८५७ ची कथा शालेय पुस्तकापासून परिचित आहे. तिच्यातील एक अंग मात्र क्वचितच सांगितले जाते: हा वाद जितका चरबीचा होता, तितकाच कवायतीच्या पाठातील एका कृतीचा होता. काडतुसाचा कागद दाताने तोडावा, अशी बंदूक भरण्याच्या कवायतीतील ठरलेली कृती होती. नवी रायफल शिकविण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे प्रशिक्षण केंद्रे उघडण्यात आली. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या केंद्रात कुजबूज सुरू झाली, तेव्हा तेथील प्रमुख मेजर बाँटीन याने दातांऐवजी हाताने कागद फाडण्याची पद्धत सुचविली. सरकारने ती मान्य केली आणि मार्च महिन्यात कवायतीचा पाठ बदलण्यात आला.

प्रशासनाच्या दृष्टीने ही दुरुस्ती निर्दोष म्हणावी लागेल. तक्रार खालून आली, तज्ज्ञाने उपाय सुचविला, वरिष्ठांनी सुमारे दोन महिन्यांत आदेश काढला. त्या काळातील दळणवळण पाहता ही गती कमी नव्हे. आजही कित्येक अभ्यास मंडळांना एवढ्या अवधीत एक प्रकरण बदलता येत नाही. परंतु २४ एप्रिल १८५७ रोजी मीरतच्या तिसऱ्या हलक्या घोडदळाच्या तुकडीपुढे कर्नल स्मिथ याने हीच नवी पद्धत समजावून देण्यासाठी परेड बोलावली, तेव्हा ९० पैकी ८५ शिपायांनी काडतूस हाती घेण्यास नकार दिला. ती काडतुसे जुन्याच प्रकारची होती आणि दातांचा प्रश्न उरलेला नव्हता. तरीही नकार आला. त्या ८५ जणांना शिक्षा झाली, ९ मे रोजी भर परेडवर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले.

पाठ बदलला होता, मग विश्वास का बसला नाही? सरकारने कृती बदलली याचाच अर्थ पहिल्या कृतीत काही काळेबेरे होते, असा शिपायांनी लावला. दुरुस्तीच कबुलीजबाबासारखी वाचली गेली. माझ्या मते १८५७ च्या कारणमीमांसेत या घटनेला आजवर मिळाले त्याहून अधिक महत्त्व द्यावयास हवे. वेतन, भत्ते, अयोध्येचे खालसा होणे ही कारणे मोठी आहेतच. परंतु शिक्षक आणि शिष्य यांच्यातील विश्वास तुटल्यावर अचूक पाठही कसा निरुपयोगी ठरतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारा दुसरा प्रसंग लष्करी शिक्षणाच्या इतिहासात सहसा आढळत नाही.

येवलेकरांच्या हाती आलेली पलटण

महाराजपूर व पनियार येथील पराभवानंतर १८४४ च्या तहाने शिंद्यांच्या खर्चाने परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ग्वाल्हेर कंटिंजंट ही फौज उभारली गेली. १४ जून १८५७ रोजी तिने उठाव केला. बिठूरच्या दरबारात वाढलेल्या तात्यांनी याच फौजेच्या बळावर नोव्हेंबरअखेर कानपूरजवळ जनरल विंडहॅमला मागे रेटले. हे शिपाई सरकारविरुद्ध लढले, परंतु लढताना कवायत सरकारचीच होती. उठावातील पलटणींनी हुद्दे, बिगुलाचे इशारे आणि रांगांची शिस्त बव्हंशी तशीच ठेवली होती. ६ डिसेंबर रोजी कॉलिन कॅम्पबेलने कानपूरला त्यांचा पराभव केला आणि तोफाही हातच्या गेल्या. १ एप्रिल १८५८ रोजी बेटवेकाठी ह्यू रोजशी पुन्हा अपयश आले.

प्रत्येक पराभवात तयार शिपाई कमी होत गेला आणि त्याच्या जागी नवा शिपाई तयार करणारी शाळा नव्हती. ग्वाल्हेर हातचे गेल्यानंतर तात्यांनी मध्य हिंदुस्थानात जी अखंड धावपळ केली, नर्मदा ओलांडून दक्षिणेच्या वेशीपर्यंत धडक मारली, तिला गनिमी काव्याचा आविष्कार म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे. ते चूक नाही. पण त्या पद्धतीमागे परंपरेच्या अभिमानाइतकीच ही वस्तुस्थितीही होती, की कवायती पलटण नव्याने उभी करण्याचे साधन आता त्यांच्यापाशी उरले नव्हते. मानसिंगाच्या विश्वासघाताने ते पकडले गेले आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे त्यांना फाशी देण्यात आली.

लष्करी शाळा : दुसरी बाजू

कंपनीच्या सैन्यात शिपाई व त्यांची मुलेमुली यांना शिक्षण सक्तीचे होते, याची नोंद बाबासाहेबांनी स्वतः केलेली आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे या व्यवस्थेतूनच शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झाले. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्यासाठी पलटणीची शाळा हेच अक्षराचे पहिले दार ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर हे दारही मिटले. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. येवल्याच्या घोषणेमागे काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा अनुभव होता हे सर्वज्ञात आहे. पण त्या घोषणेपर्यंत पोहोचलेल्या पिढीची साक्षरता काही अंशी लष्कराच्या पाठांतून आली होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

संगणकाचा प्रवेश

तोफखाना आणि संगणक यांचे नाते जन्माचे आहे. नाशिक जिल्ह्यात देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे. तेथील कोणत्याही गोलंदाजाला माऱ्याच्या कोष्टकांचे महत्त्व सांगावे लागत नाही. अंतर, वारा, तापमान, दारूगोळ्याचा प्रकार यांनुसार तोफेचा कोन देणारी ही कोष्टके प्रत्येक नव्या तोफेबरोबर नव्याने करावी लागत. दुसऱ्या महायुद्धात हे आकडेमोडीचे काम हाताने उरकेना, म्हणून अमेरिकी लष्कराने १९४३ मध्ये ‘एनिॲक’ या इलेक्ट्रॉनिक संगणकाचे काम हाती घेतले. १९४६ मध्ये तो जगापुढे आला.

आकड्यांनंतर शब्दांची पाळी आली. व्हिएतनामच्या अनुभवानंतर अमेरिकेने १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबविली आणि त्याच वर्षी प्रशिक्षण व युद्धविचार यांसाठी ‘ट्रेडॉक’ ही स्वतंत्र कमान स्थापन केली. १९७५ मध्ये फ्लोरिडा राज्य विद्यापीठाच्या साहाय्याने प्रशिक्षणरचनेची एक सविस्तर कार्यपद्धती तयार झाली. विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि नियंत्रण असे तिचे पाच टप्पे होते. आज शिक्षणशास्त्राच्या वर्गात शिकविले जाणारे ‘ॲडी’ प्रतिमान हे याच वंशातले आहे. या पद्धतीने लष्करी काम लहान लहान कृतींत विभागले: कृती कोणती, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या निकषाला उतरेल अशी. परिणामी कागद अफाट वाढला. तो आवरण्यासाठी अमेरिकी लष्कराने ‘एसॅट’ नावाचे सॉफ्टवेअर वापरात आणले. त्याचे मर्म असे की एका कृतीचे वर्णन एकदाच नोंदवावे. शिपायाची पुस्तिका, शिक्षकाची पाठयोजना आणि परीक्षेचा कागद या सर्वांनी तेथूनच मजकूर घ्यावा. शस्त्र बदलले की मूळ नोंद बदलावी आणि तिच्यावर अवलंबून असलेले पाठ कोणते हे यंत्राने सांगावे. २००० पासून आलेल्या ‘स्कॉर्म’ या मानकाने एका प्रणालीत केलेला पाठ दुसरीत चालावा अशी सोय केली. नागरी शिक्षणसंस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतही ते वापरले गेले.

या साधनांचे कौतुक करताना त्यांची मर्यादाही नोंदवावी लागते. बाँटीनच्या सूचनेला लागलेले दोन महिने त्यांनी दोन दिवसांवर आणले असते. मीरतच्या परेडवर मात्र त्यांचा उपयोग झाला नसता. शिवाय नाशवंतपणाचा नवा प्रकार त्यांनी आणला आहे. फ्लॅशमध्ये तयार केलेले असंख्य पाठ ३१ डिसेंबर २०२० नंतर, त्या आज्ञावलीचा आधार संपताच, उघडेनासे झाले.

आपल्या महाविद्यालयांतून

हा विषय प्राध्यापकवर्गाला परका वाटण्याचे कारण नाही. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेमुळे लष्करी पाठ्यसाहित्य महाविद्यालयाच्या आवारातच आहे. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मूड’ या हिंदी आज्ञा आपले विद्यार्थी मैदानावर ऐकतात. इंग्रजी आज्ञांच्या जागी त्या स्वातंत्र्यानंतर आल्या. लष्करात ज्याला प्रेसी म्हणतात ते टिपणवजा पाठ छात्रांच्याही हाती असतात. महामारीत मैदाने बंद झाल्यावर २७ ऑगस्ट २०२० रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते छात्रसेनेच्या प्रशिक्षणाचे मोबाईल ॲप सुरू झाले. अभ्यासक्रम, प्रेसी आणि चित्रफिती त्यात एकत्र आल्या. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेनेचा श्रेयांकित वैकल्पिक विषय म्हणून समावेश करण्यास विद्यापीठांना सुचविले. म्हणजे हे पाठ आता पदवीच्या गुणपत्रकाशीही जोडले गेले.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहते. डमडमच्या काडतुसांविषयीचा पत्रव्यवहार फॉरेस्ट याने १८९३ मध्ये संपादित केलेल्या सरकारी कागदपत्रांत छापलेला आहे. म्हणूनच जुनी कृती कोणती होती, नवी कोणती आणि बदल कोणी सुचविला हे आपण दीडशेहून अधिक वर्षांनंतर सांगू शकतो. ॲपमधील पाठ अद्ययावत झाला की जुना पाठ छात्राच्या पडद्यावरून नाहीसा होतो. ज्या महाविद्यालयांत छात्रसेनेचे पथक आहे, त्यांच्या ग्रंथालयांनी प्रत्येक वर्षाचा प्रेसी छापून, तारीख घालून, दप्तरी ठेवावा. एवढे काम एका कपाटात मावण्यासारखे आहे.